आर. के. बीचवरचा ४ डिसेंबर

विशाखापट्टणमला ४ डिसेंबर जवळ आला की ते आधी कानांना कळतं. नोव्हेंबर संपत आला की दुपारी हॉक विमानं किनाऱ्यालगतच्या इमारतींवरून इतक्या खालून जातात की फोनवर बोलणारा माणूस मध्येच थांबतो. माझ्या ताईच्या सोसायटीतल्या बायका वरसुद्धा बघत नाहीत. "नेव्ही प्रॅक्टिस," एवढं म्हणतात आणि कपडे वाळत घालत राहतात.

ताई लग्न होऊन तिथे गेली, दाजी पोलाद कारखान्यात आहेत, त्यामुळे आमचं जाणं-येणं नेहमीचं. हैदराबादहून संध्याकाळी गोदावरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की पहाटे विशाखापट्टणम. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांचा सिंहाचलम, बोर्रा गुहा, अराकू असा दौरा झालेला असतो. नौदल दिनासाठी म्हणून मुद्दाम गेलेले मात्र मला फारसे भेटले नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

आधी तारखेचं सांगतो, कारण तिची गंमत आहे. आपल्याकडे पहिला नौदल दिन साजरा झाला तो २१ ऑक्टोबर १९४४ रोजी. तारीख ट्रफाल्गरची! १८०५ मध्ये नेल्सनने स्पेनच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराला हरवलं, त्या विजयाच्या दिवशी आपल्या रत्नागिरीकडच्या नि पंजाबातल्या खलाशांनी इकडे संचलन करायचं. पुढे तो दिवस डिसेंबरमध्ये आला, आधी १ तारखेला आणि नंतर १५ तारखेला. १९७१ चं युद्ध झालं आणि मे १९७२ मध्ये वरिष्ठ नौदल अधिकाऱ्यांच्या परिषदेत ठरलं की यापुढे ४ डिसेंबर. तेव्हा कुठे नौदल दिनाला स्वतःचा विजय मिळाला.

हा विजय कराचीचा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र बोटी 'किलतान' आणि 'कच्छल' या दोन युद्धनौकांबरोबर कराचीच्या दिशेने गेल्या. या बोटी रशियन बनावटीच्या, लहान आणि वेगवान. मुळात त्या आपलाच किनारा राखण्यासाठी बनवलेल्या, त्यामुळे त्यांचा पल्ला कमी. त्यांना एवढ्या लांब शत्रूच्या दारात न्यायचं, ही कल्पनाच धाडसाची होती. पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर हल्ला करणं अवघड, म्हणून वेळ रात्रीची निवडली. खलाशांचं प्रशिक्षण रशियात झालेलं होतं आणि त्या रात्री ते बिनतारी यंत्रावर एकमेकांशी रशियन भाषेत बोलले, ही गोष्ट या मोहिमेच्या प्रत्येक कथेत आवर्जून सांगितली जाते. पावणेअकराच्या सुमाराला पहिलं क्षेपणास्त्र सुटलं. 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. आपला एकही माणूस गेला नाही.

विशाखापट्टणमच्या माणसाला तुम्ही हे सगळं सांगितलंत तर तो शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, "हो, पण आमचं त्याच्या आदल्या रात्रीच झालं होतं."

'आमचं' म्हणजे 'गाझी'. त्याचं म्हणणं खरंच आहे. ४ डिसेंबर ही तारीख सुरू होऊन जेमतेम पाव तास झाला होता तेव्हा विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर गाझी बुडाली, आणि तीच तारीख संपायला तासभर उरला असताना कराचीचा हल्ला सुरू झाला. देशाच्या लेखी ४ डिसेंबर कराचीचा आहे, पण आर. के. बीचवर जमणाऱ्या गर्दीच्या लेखी तो गाझीचा आहे. कराची त्यांच्यापासून फार लांब. गाझी समोर आहे. समोर म्हणजे अक्षरशः समोर, त्या पाण्याखाली, अजूनही.

गाझी ही पाकिस्तानची सर्वांत लांब पल्ल्याची पाणबुडी. मुळात ती अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली, तेव्हाचं नाव 'डायाब्लो'. नोव्हेंबर १९७१ च्या मध्याला ती कराचीहून निघाली आणि सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. शिकार ठरलेली होती, आपली एकमेव विमानवाहू नौका 'विक्रांत'. ही नौका नेमकी कुठे आहे हे शत्रूला कळू द्यायचं नाही, हे काम पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांच्याकडे होतं. विक्रांत अंदमानात लपवली गेली आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा देखावा उभा केला गेला. 'राजपूत' नावाची जुनी विनाशिका समुद्रात काढून तिच्यावरून एखाद्या विमानवाहू नौकेवरून व्हावेत तसे भरमसाट संदेश सोडले गेले. विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावाने, आजारी आईची चौकशी करणारी खासगी तार उघड्यावरून पाठवली गेली. युद्धकाळात असली तार जायला नको हे कुणालाही कळेल, म्हणूनच ऐकणाऱ्याला ती खरी वाटावी!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा सापळ्याला 'हनीपॉट' म्हणतात. घुसखोराला खरा वाटेल असा खोटा सर्व्हर मांडून ठेवायचा आणि तो तिथे रमला की पकडायचा. आम्ही त्याच्यावर तासतासभराची सादरीकरणं करतो. आजारी आईच्या तारेइतकं बिनतोड उदाहरण मी त्यांत एकदाही पाहिलेलं नाही.

३ डिसेंबरच्या रात्री उशिरा राजपूत पुन्हा बंदराबाहेर पडली. प्रवेशमार्ग ओलांडताना पाण्यावर संशयास्पद खळबळ दिसली म्हणून तिने पाणबुडीविरोधी स्फोटक पिंपं टाकली. थोड्या वेळाने एक प्रचंड स्फोट झाला आणि गावातल्या खिडक्यांची तावदानं हादरली. पंतप्रधानांचं भाषण ऐकायला लोक रेडिओपाशी जागेच होते. सकाळी कोळ्यांना पाण्यावर तेलाचा तवंग आणि तरंगणाऱ्या वस्तू दिसल्या. गाझी बुडाल्याचं जाहीर व्हायला मात्र आणखी काही दिवस गेले.

आता इथे एक गोष्ट आहे जी बीचवरच्या गर्दीत मोठ्याने बोलली जात नाही. गाझी राजपूतच्या स्फोटकांनी बुडाली, की स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर गेली, की तिच्यातच काही पेटलं, यावर अजून एकमत नाही. पाकिस्तानने तो अपघातच मानला. आपल्याकडच्या जाणकारांनीही एकाहून अधिक शक्यता मांडल्या आहेत. २०१७ साली आलेल्या सिनेमाने तर आणखी एक चौथीच कथा दिली. त्यात आपली एक पाणबुडी गाझीला बुडवते. सिनेमा तेलुगूतही आला आणि हिंदीतही, त्यामुळे आंध्र-तेलंगणातल्या एका पिढीला युद्धाची ही रात्र सिनेमातूनच ठाऊक आहे. मला विचाराल तर शत्रूला इथवर खेचून आणण्यातच खरा विजय होता आणि तो शंकेच्या पलीकडचा आहे. विक्रांत वाचली आणि पूर्वेच्या समुद्रात मोकळेपणाने लढली. शेवटचा घाव कुणाचा, हा त्यानंतरचा प्रश्न.

४ तारखेची सकाळ 'व्हिक्टरी अ‍ॅट सी' या स्मारकापाशी होते. आर. के. बीचच्या रस्त्यालाच हे स्मारक आहे, १९७१ च्या युद्धाच्या आठवणीसाठी १९९६ मध्ये उभारलेलं. एरवी तिथे मुलं चढतात-उतरतात, जोडपी सेल्फी काढतात, शेजारी मुरी मिक्सचरची गाडी असते (आपल्या भेळेचा भाऊ, पण लिंबू जास्त आणि चिंच नाही). त्या सकाळी रस्ता अडवलेला असतो. पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक, निवृत्त अधिकारी, पूर्व नौदल विभागाचे प्रमुख, पुष्पचक्र, बिगूल, आणि मग शांतता. कार्यक्रम लहान असतो. बघ्यांमध्ये सकाळी फिरायला आलेले लोक आणि आमच्यासारखे दोन-चार. काठी टेकत आलेले एक वृद्ध गृहस्थ जुन्या कोटावर पदकं लावून उभे होते. बिगूल वाजत असताना त्यांची पाठ इतकी सरळ झाली की काठी नुसतीच हातात राहिली.

माझा नऊ वर्षांचा भाचा सकाळी उठवला म्हणून माझ्यावर रागावलेला होता. त्याला संध्याकाळ हवी होती. तरी शांतता संपल्यावर त्यानेच विचारलं, "मामा, हे फूल कुणाला वाहिलं?"

"आपल्या शहीद सैनिकांना."

"पण आपलं तर कुणीच मेलं नाही ना? कराचीला नाही, इथे पण नाही."

मुलं शाळेत शिकवलेलं लक्षात ठेवतात. त्या एका दिवसापुरतं त्याचं खरंच होतं. म्हणून त्याला मी 'खुकरी'ची गोष्ट सांगितली, जी ४ डिसेंबरच्या गोष्टीत येत नाही कारण ती पाच दिवसांनंतरची आहे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं आणि दीवच्या किनाऱ्यावर खुकरीचं स्मारक आहे. पुष्पचक्र तिथल्यांनाही असतं.

त्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता, "मग ते लोक ९ तारखेला फटाके उडवतात का?"

फटाक्यांचं मला सांगता आलं नाही, पण दिवस ते पाळतात. पाकिस्तानी नौदलात ९ डिसेंबर हा 'हंगोर दिन' असतो. ती हंगोर पाणबुडीही त्यांनी जपली आहे, कराचीच्या सागरी संग्रहालयात, लोकांना बघायला.

आपली पाणबुडी स्मारकापासून थोड्याच अंतरावर, रस्ता न ओलांडता. 'कुरसुरा' तिचं नाव. १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी वाळूवर आणून तिचं संग्रहालय झालं. पाण्यातून एवढं धूड ओढून किनाऱ्यावर चढवणं हाच एक पराक्रम होता म्हणतात. निवृत्त नौकांना एरवी न मिळणारा एक मान तिला आहे. सणावाराच्या दिवशी चालत्या नौकांसारखी तिच्यावरही पताकांची सजावट होते.

९१ मीटर लांबीच्या त्या नळीत माणसं राहायची, ७५ च्या आसपास. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकासारखं दार. पाय आधी घालावा की डोकं, हे प्रत्येकाला दोन दारांनंतर समजतं. माझ्यासारख्या सहा फुटी माणसाची तर तिथे फजितीच. दोन्ही टोकांना टॉर्पेडोच्या नळ्या, आणि टॉर्पेडोला खेटूनच झोपायच्या फळ्या. आतली माहिती सांगायला निवृत्त पाणबुडी सैनिक असतात, आणि हेच या संग्रहालयाचं खरं वैभव आहे. पाट्या कमी वाचा, त्यांना जास्त विचारा.

आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ साठीच्या पुढचे, हिंदी-तेलुगू मिश्र बोलणारे. महिनाभर अंघोळ कशी नसायची, सूर्य न दिसल्याने जेवणावरूनच दिवस-रात्र कशी ओळखायची, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मग भाच्याने नेमका मुद्दा काढला. गाझी इतक्या जवळ आहे तर ती वर काढून इथे, कुरसुराच्या शेजारी का ठेवली नाही? मस्त दिसली असती.

आमच्या मागच्या दोघा-तिघांनी हसून मान डोलावली. कल्पना वाईट नव्हतीच. पण गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी त्या टॉर्पेडोशेजारच्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, इसमें जितने आदमी रहते थे, उसमें उससे भी ज्यादा थे। वो सब अभी भी अंदर हैं।" मग पुढच्या गटाला वाट द्यायला हवी म्हणून त्यांनी आम्हाला पुढे सरकवलं.

गाझीत नव्वदहून अधिक माणसं होती. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही ती वर काढून देण्याची तयारी दाखवली होती आणि भारताने नकार दिला, असं सांगितलं जातं. अलीकडे नौदलाच्या खोल पाण्यात जाणाऱ्या बचाव यानाने तिचे अवशेष पाहिले, पण त्यांना हात लावलेला नाही. बुडालेलं जहाज हीच त्या माणसांची कबर, हा दर्यावर्दी लोकांचा जुना नियम. कुरसुराच्या शेपटाकडच्या दारातून बाहेर आलं की समोर तेच पाणी दिसतं. त्यात पोरं खेळत असतात.

संध्याकाळचं वर्णन मी थोडक्यात उरकतो, कारण ते टीव्हीवर सगळे बघतात. दुपारी दोनपासूनच वाळू दिसेनाशी होते. माणूस खांद्यावर, पोर त्याच्या खांद्यावर, आणि प्रत्येकाच्या हातात भाजलेलं कणीस. युद्धनौका रांगेने किनाऱ्याजवळून जातात. कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरतात. मघाशी सोसायटीवरून गेलेली ती हॉक विमानं आता सगळ्यांची लाडकी होतात. दाजींना या सगळ्यात फक्त बँडमध्ये रस आणि तो खरोखर सुरेख असतो. २०२२ मध्ये देशाचा मुख्य सोहळा पहिल्यांदाच दिल्लीबाहेर निघाला तो इथेच, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत. पुढच्या वर्षी तो सिंधुदुर्गला गेला, शिवाजी महाराजांच्या जलदुर्गासमोर तारकर्लीला, आणि आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. नंतर ओडिशात पुरीला.

एक गोष्ट मात्र टीव्हीवर कळत नाही. पूर्व किनाऱ्यावर सूर्य मावळतो तो आपल्या पाठीमागे, इमारतींच्या आड. समुद्रावर लाली येत नाही. पाणी आधी शिशाच्या रंगाचं होतं, मग काळं, आणि मग नांगरलेल्या सगळ्या नौकांवरचे दिवे एकदम लागतात. जहाजांच्या आकृत्या दिव्यांनी काढलेल्या. लाखभर माणसांचा एकच 'ओऽऽ' येतो. मीही त्यात असतो. पण दरवेळी मनात येतं की ज्या रात्रीचा हा उत्सव आहे त्या रात्री, इथे आणि कराचीसमोरही, सगळं यश अवलंबून होतं ते एकही दिवा न दिसण्यावर आणि शत्रूच्या कानांना फसवण्यावर. उत्सवाला अंधार आणि शांतता कशी दाखवणार? ते सकाळच्या त्या पाच मिनिटांनाच जमतं. म्हणून माझं मत विचाराल तर एकच वेळ निवडायची झाली तर सकाळची निवडा.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. मुख्य सोहळा दुसऱ्या शहरात असेल त्या वर्षी विशाखापट्टणमची प्रात्यक्षिकं वेगळ्या तारखेला होतात, पुरीच्या वर्षी ती जानेवारीत झाली, तेव्हा आधी चौकशी करा. स्मारकावरचं पुष्पचक्र मात्र ४ तारखेलाच असतं. प्रात्यक्षिकांच्या आधीचे सरावही बीचवरून फुकट दिसतात, गर्दी निम्मी, आणि गावातले अनुभवी लोक तेच बघतात. संध्याकाळी बीच रोडला गाडी नेऊ नका, चालत जा. कुरसुरा सोमवारी बंद असते.

आणि वेळ उरला तर बंदराच्या तोंडाशी असलेल्या त्या तीन टेकड्यांवर जा, एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर वेंकटेश्वराचं मंदिर. समोर डॉल्फिन्स नोजचा डोंगर आणि मधून बंदराची वाट. राजपूत गेली ती हीच वाट. आम्ही ५ तारखेच्या सकाळी रॉस हिलवर चढलो तेव्हा कालच्या युद्धनौका परतत होत्या आणि त्यांच्या बाजूने मासेमारीच्या बोटी बाहेर निघाल्या होत्या. भाच्याने बोटी मोजायला सुरुवात केली आणि सव्वीसवर त्याचा हिशेब चुकला.